झीनियाची जत्रा की शंभर जणांची बैठक? व्हीएचएफवाल्याने रजा कुठे खर्चावी

पुण्याहून एका काकांचा फोन आला. टेलिफोन खात्यातून निवृत्त, हौशी (हॅम) रेडिओवाले, व्हीयू२ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं नाव, तीस वर्षांचा जुना, आणि यंदा मे ते ऑक्टोबर लेकीकडे ओहायोत मुक्काम. "अगं, जावईबापू म्हणतात एका रेडिओ संमेलनाला नेतो. पण एकाच. त्यांची रजा मोजकी. डेटनला जाऊ, की ते तुमचं व्हीएचएफवाल्यांचं असतं तिकडे?"

व्हीएचएफवाले म्हणजे ५० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर रमणारे. मी लगेच उत्तर दिलं नाही. "काका, बॅगेत काय घालून आणणार आहात?" एवढंच विचारलं. त्यांना वाटलं मी लोणच्याबद्दल विचारतेय. मला विचारायचं होतं ते असं: स्वतः बनवलेलं, नीट चालतं की नाही याची शंका असलेलं काही सोबत आहे का? माझ्या मते सगळा निर्णय या एका प्रश्नावर ठरतो. का, ते पुढे सांगते. काकांसारखे बरेच जण दरवर्षी विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

आधी दोन्हीकडे काय असतं ते. डेटनचं म्हणजे हॅमव्हेन्शन. डेटन अमॅच्युअर रेडिओ असोसिएशन ते १९५२ पासून भरवते. २०१६ पर्यंत हारा अरीना नावाच्या जुन्या इमारतीत व्हायचं, २०१७ पासून झीनिया गावातल्या ग्रीन काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर होतं. मे महिन्याचा तिसरा आठवडा, शुक्रवार ते रविवार. २०२४ साली पस्तीस हजारांच्या वर माणसं आली होती. नवीन रिग (रेडिओ संच), जुन्या रिग, टॉवर, नळ्या, कनेक्टरांच्या बादल्या, टोप्या, कॉलसाइन कोरून देणारे, सगळं तिथे.

दुसऱ्या बाजूला प्रादेशिक व्हीएचएफ परिषदा. यांतली माझ्या पसंतीची सेंट्रल स्टेट्स व्हीएचएफ सोसायटीची. ती साधारण जुलैअखेर असते, दरवर्षी मध्य अमेरिकेतल्या वेगळ्या शहरात, एखाद्या हॉटेलच्या दोन-तीन हॉलमध्ये. माणसं शंभर-दोनशे. पूर्वेला एप्रिलमध्ये कनेक्टिकटची ईस्टर्न व्हीएचएफ/यूएचएफ परिषद, दक्षिणेला साऊथईस्टर्न व्हीएचएफ सोसायटीची. फिलाडेल्फियाच्या पॅक रॅट्सची शरदात असते. त्यांचा क्लब १९५६ चा. आणि ऑक्टोबरमध्ये मायक्रोवेव्ह अपडेट, जी डॉन हिलियार्ड यांनी १९८५ मध्ये कोलोरॅडोत सुरू केली आणि आता गावोगाव फिरते. एक गिगाहर्ट्झच्या वर ज्यांचा जीव रमतो त्यांची ती पंढरी.

अमेरिकेतल्या मराठी माणसाला एका वाक्यात सांगायचं तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (बीएमएम) अधिवेशन आणि आपल्या मंडळाची कोजागिरी यांत जो फरक, तोच इथे. अधिवेशनात नट भेटतात, साडी मिळते, रांगेत उभं राहून पुरणपोळी मिळते. कोजागिरीला कोणीतरी विचारतं, "तुझ्या मुलाचं गणिताचं काय झालं?"

मी पहिल्या वर्षी मोठ्या ठिकाणी गेले. चूक जागेची नव्हती, माझी होती. माझ्याकडे ४३२ मेगाहर्ट्झचा घरी जोडलेला प्रीअँप, म्हणजे येणारा सिग्नल आधी मोठा करणारा ॲम्प्लिफायर, होता. तो लावला की सिग्नल मोठा यायचा, पण कमकुवत स्टेशनं काही जास्त ऐकू यायची नाहीत. हा प्रश्न घेऊन मी तीन दिवस फिरले. सगळे प्रेमाने बोलले, दोघा-तिघांनी नवा प्रीअँप घ्यायचा सल्ला दिला, आणि पिशवीभर कनेक्टरांबरोबर प्रश्न जसाच्या तसा घरी परत आला.

मोजमापाचं टेबल

छोट्या परिषदेत एका कोपऱ्यात लांब टेबल असतं. त्यावर नॉइज फिगर मीटर, शेजारी नॉइज सोर्स, ॲडॅप्टरांचा डबा आणि मागे खुर्चीत एक-दोन आजोबा. रांगेत उभं राहायचं, आपला प्रीअँप द्यायचा, ते जोडतात आणि आकडा सांगतात: गेन (सिग्नल किती वाढवतो) इतका, नॉइज फिगर (स्वतःचा किती गोंगाट मिसळतो, कमी तितकी चांगली) इतकी. कागदावर कॉलसाइनपुढे लिहितात. कागद सगळ्यांना दिसतो, त्यामुळे थोडी धाकधूक असते, दहावीच्या निकालासारखी.

माझा नॉइज फिगरचा आकडा आला २.३ डेसिबल. त्या ट्रान्झिस्टरला पाऊण-एक यायला हवा होता. आजोबांनी काही न बोलता झाकणाचे चार स्क्रू काढले. झाकण उघडताच आकडा खाली आला. झाकण ठेवलं, पुन्हा वर. "डबा वाजतोय," ते म्हणाले. म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा स्वतःच पोकळीसारखा अनुनाद देत होता आणि प्रीअँप दोलनाच्या काठावर बसला होता. त्यांनी खिशातून आयसी ज्यात खोचून येतात तो काळा फोम काढला, कात्रीने दोन बोटांएवढा तुकडा कापला, झाकणाच्या आतून चिकटवला आणि स्क्रू लावले. ०.८. सगळं मिळून चार मिनिटं. तो फोमचा तुकडा आजही तिथेच आहे.

हे टेबल मोठ्या जत्रेत मिळणं कठीण. आणि घरी हे मोजायला जे यंत्र लागतं, ते सेकंडहँड घेतलं तरी महिन्याच्या किराण्याचे पैसे सहज खातं, शिवाय त्याचा नॉइज सोर्स खात्रीचा असावा लागतो.

अर्थात आकड्याचा अर्थही तिथेच शिकायला मिळतो. गोंगाट तापमानासारखा केल्व्हिनमध्ये मोजतात, आणि नॉइज फिगर २९० केल्व्हिनच्या हिशेबाने धरतात. एक डेसिबल म्हणजे सुमारे ७५ केल्व्हिन, अर्धा डेसिबल म्हणजे ३५. दोन मीटरवर, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झच्या बँडवर, आकाशगंगेचाच गोंगाट शेकडो केल्व्हिन असतो, शहरात एलईडी दिवे आणि चार्जर त्यात भर घालतात. तिथे अर्ध्याचा पाव डेसिबल करायला रात्री जागवणं म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कानातला मळ काढणं. १२९६ मेगाहर्ट्झवर, चंद्रावरून परतणारा सिग्नल ऐकायला डिश तिकडे वळवली की गोष्ट उलटी: आकाश थंड, आणि प्रत्येक दशांश डेसिबल ऐकू येतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश पाहिल्या असतील तर हेच तिथेही चालतं. ती दुर्बीण साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये ऐकते, म्हणजे आपले ४३२ आणि १२९६ त्यातच आले. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप आणि त्यांच्या मंडळींना पडलेला प्रश्न आणि हॉटेलच्या कोपऱ्यातल्या टेबलावरचा प्रश्न एकाच जातीचे: पहिला ॲम्प्लिफायर स्वतः किती कुजबुजतो?

दुसरं मोजमाप अँटेनाचं, ते पार्किंगमध्ये. एका टोकाला प्रक्षेपक, दुसऱ्या टोकाला स्टँड. आधी ज्याचा गेन माहीत आहे अशी प्रमाण अँटेना चढवतात, आकडा टिपतात, मग तुमची. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा निकाल. जमिनीवरून परावर्तित झालेली लहर मधे येते, म्हणून उंची जमवण्यात बराच वेळ जातो. जुलैच्या उन्हात ही मंडळी टोप्या घालून, डोळे बारीक करून मीटर वाचत असतात. इथे कंपनीच्या छापील आकड्यांची हवा जाते, आणि घरच्या यागी अँटेनांचीही (एका दांड्यावर, म्हणजे बूमवर, ओळीने आडव्या कांड्या, म्हणजे एलिमेंट). माझ्या पुढच्या माणसाची सुंदर चकचकीत यागी अपेक्षेपेक्षा दीड डेसिबल खाली आली. कारण साधं निघालं. मापं लाकडी बूमची, बूम मात्र ॲल्युमिनियमचा, आणि एलिमेंट त्यातून आरपार. धातूच्या बूममुळे एलिमेंट विद्युतदृष्ट्या आखूड होतात, लांबी थोडी वाढवावी लागते. तो शांतपणे "बूम करेक्शन" असं कागदावर लिहून, रेघ मारून गेला. त्याच्यानंतर अँटेना बनवणाऱ्या केंट ब्रिटन यांच्या आराखड्यातली लाकडी बूमची स्वस्त यागी आली आणि तिने नीट आकडा दिला. पट्टी, लाकूड आणि तारा, बस्स.

बोलणारी माणसं आणि ऐकणारी माणसं

मोठ्या ठिकाणी फोरम असतात. त्यांत व्हीएचएफ, उपग्रह यांवरही बोलणारे चांगले असतात, पण खोली भरलेली, बाहेर पुढच्या फोरमची रांग, आणि वक्ता संपला की गायब. छोट्या परिषदेत वक्ता दुपारी तुमच्या शेजारी सूप पीत असतो. दिवसभराची भाषणं एका हॉलमध्ये, एकापाठोपाठ, त्यामुळे सगळ्यांनी सगळं ऐकलेलं असतं आणि जेवणाच्या टेबलावर वाद तिथूनच सुरू होतात. भाषणांचा संग्रह पुस्तकरूपात मिळतो. जुने अंक चाळले तर कळतं की आज ज्याचं किट मिळतं, ते वीस वर्षांपूर्वी कुणीतरी इथे ब्रेडबोर्डवर दाखवलं होतं.

या जगाची वंशावळ इथे कळते, आणि मला ती आवडते. सेंट्रल स्टेट्समध्ये चेंबर्स पुरस्कार देतात. जॉन चेंबर्स, डब्ल्यू६एनएलझेड, यांनी जुलै १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातून दोन मीटरवर हवाईतल्या केएच६यूकेशी संपर्क केला, चार हजार किलोमीटरांवर, समुद्रावरच्या हवेच्या थरात अडकलेल्या लहरींच्या जोरावर. त्याआधी व्हीएचएफ म्हणजे डोळ्याला दिसेल तिथपर्यंत, असं बरेच जण धरून चालत. दुसरं नाव सतत कानावर येतं ते जो टेलर, के१जेटी. पल्सारच्या कामासाठी १९९३ चं नोबेल, आणि २००१ पासून डब्ल्यूएसजेटी हे सॉफ्टवेअर, ज्यामुळे साध्या अँटेनावाल्यांनाही उल्का आणि चंद्राच्या आधाराने बोलता येऊ लागलं. एफटी८ हा डिजिटल प्रकार त्याच घराण्यातला.

बायका कमी असतात, हे खरं आहे. पहिल्या संध्याकाळी मला दोनदा विचारलं, "तुमचे मिस्टर कुठे आहेत?" प्रीअँप टेबलावर ठेवल्यावर तो प्रश्न बंद झाला. काही परिषदांत कुटुंबासाठी वेगळा कार्यक्रम असतो, बागा, संग्रहालयं वगैरे. काकूंना सोबत आणणार असाल तर नोंदणी करतानाच विचारा.

खरेदी

इथे मात्र झीनिया जिंकते. जुन्या सामानाचा बाजार शर्यतीच्या धावपट्टीच्या आतल्या मैदानात, उघड्यावर. रविवारी भाव उतरतात, कारण कुणालाच ते परत गाडीत भरायचं नसतं. पाऊस आला तर चिखल होतो, चपला नकोत. पहिली रिग, रोटेटर, टॉवरचे भाग, चांगली कोॲक्स केबल हवी असेल तर वाद नको, तिकडे जा.

मायक्रोवेव्हचं सामान वेगळं. तिथे तुम्हाला हवं असतं ते बहुधा मोडीतून काढलेलं: टेलिकॉमच्या जुन्या १० गिगाहर्ट्झच्या पाट्या, वेव्हगाइडचे तुकडे, रिले, सर्क्युलेटर. हे मायक्रोवेव्ह अपडेटच्या टेबलांवर मिळतं, आणि विकणारा सांगतो की तिसऱ्या स्क्रूला हात लावू नकोस. सांगितलं नाही तर लावणारच आपण. मोठ्या बाजारातही असा माल येतो, पण विकणाऱ्याला बहुतेकदा तो काय आहे हे माहीत नसतं. याचा कधी फायदा होतो, कधी तोटा.

कोॲक्सबद्दल एक हिशेब दोन्हीकडे जाण्याआधी करा. एलएमआर-४०० जातीच्या शंभर फूट केबलमध्ये १२९६ मेगाहर्ट्झवर पावणेपाच डेसिबलच्या आसपास जातात. शंभर वॅट घातले तर वर चौतीस पोचतात. म्हणून तिथले लोक ॲम्प्लिफायर आणि प्रीअँप खांबावर चढवतात. हे कळलं की बाजारातला निम्मा मोह आपोआप सुटतो.

भारतात परत जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. २२२ आणि ९०२ मेगाहर्ट्झ हे बँड अमेरिका खंडापुरतेच हौशींना आहेत. झीनियात २२२ चा सुंदर सेट स्वस्तात दिसेल आणि हात शिवशिवतील, पण पुण्यात तो शोपीस. दोन मीटरही आपल्याकडे १४४ ते १४६ एवढाच, इथल्यासारखा १४८ पर्यंत नाही. ट्रान्समीटर नेण्याआधी डब्ल्यूपीसी (भारतातलं रेडिओ परवान्यांचं सरकारी खातं) आणि कस्टम्सचे नियम वाचा. उलट १० गिगाहर्ट्झबद्दल जे शिकाल ते तिकडे जास्त कामाचं, कारण क्यूओ-१०० हा भूस्थिर उपग्रह भारतातून दिसतो आणि अमेरिकेतून दिसत नाही. तो २५.९ अंश पूर्वेला आहे, मुंबईहून पाहिलं तर पश्चिम-नैऋत्येला, क्षितिजापासून साधारण ३३ अंशांवर. त्याच्याकडे पाठवायचं २.४ गिगाहर्ट्झवर, ऐकायचं १०.४८९ वर. डिश टीव्हीची जुनी डिश, तिच्या तोंडाशी योग्य एलएनबी (सिग्नल पकडून खाली आणणारा डबा) आणि एक रिसीव्हर एवढ्यावर ऐकता येतं. इथल्या मायक्रोवेव्हवाल्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कधी

हे मला फार उशिरा सुचलं. संमेलनाची तारीख स्पर्धांशी जुळवून बघा. व्हीएचएफची मोठी स्पर्धा जूनच्या दुसऱ्या आठवडाअखेर. एप्रिलमध्ये ईस्टर्नला प्रीअँप मोजून घेतला तर दुरुस्तीला सात-आठ आठवडे मिळतात. मेमध्ये हॅमव्हेन्शनहून नवी रिग आणली तर खोक्यातून काढून मॅन्युअल वाचेपर्यंत जून उजाडतो. एआरआरएल या अमेरिकन हौशी रेडिओ संघटनेची १० गिगाहर्ट्झवरची स्पर्धा ऑगस्ट आणि सप्टेंबरमधल्या दोन आठवडाअखेरींत. तिच्याआधी जुलैअखेरची सेंट्रल स्टेट्स म्हणजे परीक्षेआधीची सराव परीक्षा. साठ सेंटीमीटरच्या डिशचा झोत १० गिगाहर्ट्झवर साडेतीन अंशांचाच असतो. डिशच्या तोंडाशी फीड नीट बसलं नसेल तर डोंगरावर चढून दिशा शोधत बसण्याची वेळ येते, आणि तिथे सांगणारं कुणी नसतं. ऑक्टोबरमधली मायक्रोवेव्ह अपडेट हिवाळ्यात बनवायच्या गोष्टींसाठी.

खर्च? हॅमव्हेन्शनचं तिकीट तीन दिवसांचं तीस डॉलरच्या आसपास, पण डेटनच्या आसपासची हॉटेलं महिने आधी भरतात आणि खरा खर्च तिथे. छोट्या परिषदेची नोंदणी जास्त वाटते, मात्र संमेलन हॉटेलातच असल्याने गाडी, पार्किंग, धावपळ वाचते. शनिवारच्या रात्रीचं जेवण वेगळं आकारतात. शाकाहारी असाल तर नोंदणीच्या अर्जातच लिहा. नाहीतर ताटात वाफवलेला ब्रोकोली आणि सहानुभूती एवढंच येतं. झीनियाला मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते, मैदानावरच्या तळणीपेक्षा बरी.

परवान्याचं थोडक्यात. बघायला परवाना लागत नाही. प्रक्षेपण करायचं असेल तर अमेरिकन टेक्निशियन परवाना काढा: ३५ प्रश्न, २६ बरोबर हवेत, मॉर्सची अट २००७ पासूनच नाही, परदेशी नागरिकही देऊ शकतात, अमेरिकेतला पत्ता मात्र लागतो. परवाना देणाऱ्या एफसीसीचे ३५ डॉलर, परीक्षेचे थोडे वेगळे. आणि टेक्निशियनला ५० मेगाहर्ट्झच्या वर सगळं मोकळं असतं. व्हीएचएफवाल्याला आणखी काय हवं?

जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये असणाऱ्यांसाठी हीच जोडी आहे. जूनअखेर बोडनझे सरोवराच्या काठी फ्रीडरिक्सहाफेनची 'हॅम रेडिओ' ही मोठी जत्रा, आणि सप्टेंबरमध्ये वाइनहाइमची यूकेडब्ल्यू-टागुंग ही व्हीएचएफ परिषद. इंग्लंडला इप्सविचजवळ मार्टलशमची मायक्रोवेव्ह राउंड टेबल. निवडीचा हिशेब तोच लागू.

तर काका. फोन ठेवल्यावर तासाभराने त्यांचा फोटो आला. पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेला एक जस्ताचा छोटा डबा, त्याच्या दोन्ही टोकांना एन कनेक्टर. खाली लिहिलं होतं, "१२९६ चा आहे. २०११ साली केला. कधी मोजलाच नाही." मी उत्तर दिलं: जुलै. मेमध्ये झीनिया लेकीच्या घरापासून जवळ आहे, पण तिथे एकच दिवस, शनिवारी सकाळी, फक्त बघायला जा आणि संध्याकाळी घरी या. त्याला रजा लागत नाही. जावयांची रजा सेंट्रल स्टेट्ससाठी राखून ठेवा. डबा हातसामानात ठेवा, आत काय आहे ते विमानतळावर विचारतील, तर ॲम्प्लिफायर म्हणा, रिसीव्हरचा भाग म्हणा, उगाच सर्किट समजावू नका. झाकणाचे स्क्रू चांगले आवळा आणि बारीक स्क्रूड्रायव्हर मात्र मोठ्या बॅगेत टाका. काळा फोम मी देईन.